आत्रीच्या ड्यूकचे चिरंजीव : धन्यवादित रुदोल्फ आक्वाविवा

इटलींतील आब्रुत्सो प्रांतांत, आद्रियातिक समुद्राच्या नजीक, टेकडीच्या माथ्यावर आत्री नांवाचें पुरातन नगर आहे. रोमन लोक त्यास हाद्रिया म्हणत. सम्राट हाद्रियानाचें घराणें मूळचें तेथलेंच. उतारांवर पावसानें कोरलेल्या उघड्या घळी, आणि वर पवित्र मरियेचें महामंदिर. त्याच्या भिंतींवर आंद्रेआ देलित्यो यानें पंधराव्या शतकांत मातेचें चरित्र रंगविलें. ज्यांनीं देवगिरी पाहिली आहे त्या आम्हां मराठवाड्यांतील लोकांस असें उंचावरील राजस्थान कल्पिणें कठीण नाहीं.

या नगराच्या ड्यूकच्या घराण्यांत रुदोल्फ १५५० सालीं जन्मले. वैभवाचा त्याग करून सतराव्या वर्षीं ते येशूसंघांत शिरले व १५७८ मध्यें गोव्यास आले. अकबर बादशहानें विद्वान धर्मगुरु मागविले, तेव्हां प्रमुख म्हणून त्यांचीच निवड झाली. १५८० सालीं फत्तेपूर शिक्री येथें त्यांनीं बादशहास अँटवर्प येथें छापलेलें अनेकभाषी पवित्र शास्त्र अर्पण केलें. बादशहानें तें आदरानें मस्तकीं धरिलें. रुदोल्फ फारसी शिकले, दरबारांत वादविवाद केले, आशा धरिली. परंतु अकबर ख्रिस्ती झाला नाहीं. हें अपयश त्यांस फार लागलें असावें. निघतांना त्यांनीं द्रव्य घेतलें नाहीं. एका रशियन गुलाम कुटुंबाची सुटका मात्र मागून घेतली. आम्हांस त्यांच्या सर्व चरित्रांत हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते.

१५८३ मध्यें ते गोव्यास परतले व साष्टीच्या मिशनचे वरिष्ठ झाले. तेथें पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं, त्यामुळें कुंकळ्ळीच्या लोकांचा संताप धुमसत होता, हें आम्ही ख्रिस्ती लोकांनीं झांकून ठेवूं नये. त्याच वर्षीं जुलैंत देवालयासाठीं जागा पाहावयास गेलेले रुदोल्फ व त्यांचे चार संघबंधु गांवकऱ्यांच्या हातून मारले गेले. कांहीं ख्रिस्ती प्रापंचिकही त्यांजबरोबर पडले. शवें विहिरींत टाकण्यांत आलीं. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत नेऊन ठार केलें.

पोप लिओ तेरावे यांनीं १८९३ सालीं पांचही जणांस धन्यवादित म्हणून घोषित केलें. कुंकळ्ळींत आज हुतात्म्यांचें चॅपेल आहे, आणि त्या मारल्या गेलेल्या प्रमुखांचें स्मारकही आहे.