श्रीगाडगेबाबा व त्यांचा खराटा

थोर पुरुषांचीं स्मारकें पाहूं गेल्यास त्यांच्या हातीं बहुधा एखादी वस्तु दाखविलेली असते. कोणाच्या हातीं तलवार, कोणाच्या हातीं लेखणी, तर कोणाच्या हातीं वीणा. परंतु महाराष्ट्रांत असा एक सत्पुरुष होऊन गेला कीं, ज्याच्या हातीं शिल्पकारास खराट्यावांचून दुसरें कांहींच शोभवितां येत नाहीं. जी वस्तु आपण पाहुणे येतांच दाराआड सारतों, तीच त्यानें आयुष्यभर हातांत धरून मिरविली. त्या पुरुषाचें चरित्र, आणि त्या निमित्तानें त्या वस्तूविषयीं चार उपयुक्त गोष्टी, आमच्या विद्यार्थिवर्गापुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गाडगेबाबांचें मूळ नांव देबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं एका परीट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. वडील मद्यपानाच्या आहारीं गेले व त्यांतच त्यांचा अंत झाला. देबूजी त्या वेळीं अगदीं लहान होते. मातोश्री सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे या गांवीं आपल्या माहेरीं आल्या. तेथें मामाच्या घरीं देबूजी गुरें राखूं लागले व पुढें शेतींत राबूं लागले. शाळेचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. परंतु निरक्षरतेची किंमत काय असते, हें त्यांस त्या घरींच कळून आलें. सावकाराच्या कागदावर काय लिहिलें आहे हें वाचतां न आल्यामुळें मामाची जमीन त्याच्या घशांत गेली, आणि सुखवस्तु घर पाहतां पाहतां कर्जाखालीं चिरडलें गेलें. पुढील आयुष्यांत प्रत्येक कीर्तनांत ते मुलांस शाळेंत घालण्याचा आग्रह इतक्या कळकळीनें कां धरीत, याचें कारण आपणांस येथें सांपडतें.

सन १८९२ मध्यें कुंताबाईंशीं त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशाच्या वेळीं जातींतील रूढीप्रमाणें मद्यमांसाची पंगत द्यावयाची होती. देबूजींनीं ती न देतां गोड जेवण वाढलें. भाऊबंद रुष्ट झाले. परंतु ज्या व्यसनानें वडिलांचा बळी घेतला, त्यास आपल्या दारीं मान द्यावयाचा नाहीं, हा निश्चय ढळला नाहीं. अशा लहान वाटणाऱ्या प्रसंगींच मनुष्याच्या अंगचें पाणी दिसून येतें.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं देबूजींनीं घर सोडलें व अनेक वर्षें भ्रमंती केली. अंगावर चिंध्यांचें पांघरूण, पायांत बेजोड पादत्राणें, एका कानांत कवडी, आणि मस्तकावर किंवा हातीं मातीचें एक फुटकें गाडगें. त्याच गाडग्यांत भिक्षेची भाकरी घ्यावी, त्यांतच पाणी प्यावें. लोकांनीं त्यावरूनच त्यांचें नामकरण केलें. आमच्या जिल्ह्यांतील तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. मातीच्या भांड्यास आणि तें घडविणाऱ्या हातांस भक्तिमार्गांत केवढा मान आहे, हें धाराशिवकरांस निराळें सांगावयास नको.

या गाडग्याचा सोबती म्हणजे खराटा. बाबांची रीत अशी होती कीं, एखाद्या गांवीं पोंचल्यावर प्रथम कोणाची ओसरी शोधावयाची नाहीं, कीं कोणाचा परिचय विचारावयाचा नाहीं. सरळ रस्ता झाडावयास लागावें, तुंबलेलें गटार मोकळें करावें. प्रथम लोक पाहत उभे राहत, मग एखाद्यास लाज वाटे व तो हात लावी, आणि थोड्या वेळानें अर्धा गांव कामास लागे. दिवसा गांव झाडावें व रात्रीं कीर्तनानें मनें झाडावीं, असा हा दुहेरी उद्योग होता. कीर्तनांत ते श्रोत्यांस सोपे प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. कर्ज काढून सण करूं नये, दारूस शिवूं नये, देवापुढें मुक्या प्राण्याचा बळी देऊं नये, अस्पृश्यता मानूं नये, मुलांमुलींस शिकवावें, हे त्यांचे नित्याचे विषय. त्यांनीं कोणास मंत्र दिला नाहीं, कोणास शिष्य म्हटलें नाहीं, आणि कोणास पायां पडूं दिलें नाहीं.

लोकांनीं विश्वासानें दिलेल्या पैशांतून त्यांनीं ऋणमोचन येथें नदीस घाट बांधविला. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा उभ्या केल्या. अन्नछत्रें व शाळा चालविल्या. स्वतःच्या कुटुंबासाठीं त्यांतील एक पैही घेतली नाहीं. सन १९२३ मध्यें त्यांचा एकुलता एक पुत्र गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें वारला. ही वार्ता कोकणांत कीर्तन चालू असतां त्यांस कळली. तरीही कीर्तन थांबलें नाहीं. पुत्रशोक गिळून जगाचें काम करणाऱ्या या मनुष्याचें मन कठोर होतें असें कोणी समजूं नये. स्वतःच्या घराची सीमा त्यांनीं फार पूर्वींच पुसून टाकिली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पंढरपुरास आमच्या जिल्ह्यांतून प्रतिवर्षीं सहस्रावधि वारकरी जातात. त्या क्षेत्रीं अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस इतरांच्या धर्मशाळेंत थारा नव्हता, आणि विठ्ठलाचें मंदिरही त्यांस सानेगुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालींच खुलें झालें. बाबांनीं त्यापूर्वींच तेथें चोखामेळा धर्मशाळा बांधिली होती. ते स्वतः वारीस जात, परंतु देवळाच्या आंत न जातां बाहेर वाळवंट झाडीत. पुढें १९४९ मध्यें ही धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांसाठीं देऊन टाकिली. सन १९५४ मध्यें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं कऱ्हाड येथें स्थापिलेल्या महाविद्यालयास बाबांचें नांव दिलें. ज्यानें पाटीपेन्सिल हातीं धरली नाहीं, त्याचें नांव त्याच्या हयातींतच एका महाविद्यालयाच्या दारावर लागावें, हा योग विरळाच होय.

६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकर निवर्तले. त्यानंतर चौदाच दिवसांनीं, २० डिसेंबर रोजीं, अमरावतीच्या वाटेवर वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलानजीक बाबांनीं देह ठेविला. त्यांची समाधि अमरावतीस आहे. महाराष्ट्र शासनानें सन २००० मध्यें त्यांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, व २००५ मध्यें अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

आतां त्या खराट्याकडे वळूं. ज्यास रोज रस्ते झाडावयाचे आहेत, त्यास आपलें साधन सुस्थितींत ठेवणें प्राप्तच असतें. सुताराचा रंधा बोथट झाल्यास फळी साफ होत नाहीं. त्याचप्रमाणें विस्कटलेल्या झाडणीनें केर निघत नाहीं, केवळ इकडचा तिकडे जातो. आमच्या घरांत मुख्यतः दोन साधनें असतात. एक घरांतील केरसुणी. ही शिंदीच्या वाळलेल्या पातींची, मऊ व दाट. दुसरा अंगणांतील खराटा. हा नारळाच्या हिरांचा, अथवा आमच्या भागांत तुरीच्या काटक्यांचाही, ताठ व विरळ. पहिलीनें अंगण झाडूं नये, व दुसऱ्यानें सारवलेली जमीन ओरबाडूं नये. निम्म्या केरसुण्या या एका चुकीनेंच अकाळीं मरतात.

नवी केरसुणी आणिल्यावर ती प्रथम घराबाहेर हलकेच आपटून सुटा भुसा झाडून टाकावा. नंतर पातींवर थोडें पाणी शिंपडून ती सावलींत सुकूं द्यावी. त्यानें पाती लवचिक होतात व कोरडेपणामुळें पटापट तुटत नाहींत. झाडतांना दाब देऊं नये. टोंकांनीं हलक्या हातानें केर पुढें ओढावा. नेहमीं एकाच बाजूनें झाडल्यास ती तिकडेच वांकते, म्हणून मधून मधून बाजू बदलावी. ओल्या जमिनीवर ती वापरूं नये. भिजल्यास पाती कुजतात व बुरशी धरते. भिजलीच तर झटकून, मोकळी करून वाळवावी. काम संपल्यावर पातींत अडकलेले केस व दोरे बोटांनीं काढून टाकावेत. ती पातींवर उभी करून ठेवूं नये, कारण स्वतःच्या भारानें टोंकें मुडपतात. मुठीस दोरी बांधून खुंटीस टांगावी किंवा आडवी ठेवावी. टोंकें वेडींवांकडीं झाल्यास कात्रीनें सारखीं करावीं. मुठीचा बंध सैल झाल्याचें दिसतांच त्याच दिवशीं आवळावा. एक पाती निसटली म्हणजे तिच्यामागोमाग दहा निसटतात. खराट्याच्या काड्या मागेंपुढें सरकल्यास त्याचा बुडखा दगडावर ठोकावा, म्हणजे त्या सारख्या होऊन घट्ट बसतात, आणि मग बंध आवळावा. झिजून आंखूड झालेली केरसुणीही टाकाऊ नव्हे. चुलीभोंवतालची राख काढावयास ती पुष्कळ दिवस उपयोगीं पडते.

आमच्या हिंदु बंधूंच्या घरीं लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतात व तिला पाय लागूं देत नाहींत. ही भावना सुंदर आहे. परंतु वर्षांतून एक दिवस पूजा आणि उरलेले दिवस हेळसांड, हा व्यवहार न्याय्य नव्हे. आणि याहून मोठा अन्याय पुढेंच आहे. केरसुणीस आम्हीं लक्ष्मी म्हटलें. पण शिंदीच्या पाती सोलून ती वळणाऱ्या मातंग समाजास, आणि ती हातीं घेऊन गांव झाडणाऱ्यांस, आम्हीं पिढ्यानुपिढ्या वेशीबाहेर ठेविलें. हातानें मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारे कायदे १९९३ व २०१३ या सालीं करावे लागले, यावरून ही विषमता किती खोल रुजलेली होती तें दिसतें. घाण करणारा उच्च आणि ती काढणारा नीच, हा उलटा हिशेब गाडगेबाबांनीं खराटा हातीं घेऊन चुकता केला. त्यांनीं दुसऱ्यास झाडावयास सांगितलें नाहीं. आधीं स्वतः झाडलें. त्यांच्या शिकवणीचें सारें बळ या क्रमांत आहे.

आम्हां ख्रिस्ती जनांस ही गोष्ट अपरिचित वाटूं नये. दहा नाण्यांपैकीं एक हरवलें म्हणून दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत प्रभूनें सांगितला, व त्या झाडण्यास ईश्वरी शोधाची उपमा दिली. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून त्यानें शिष्यांचे पाय धुतले. तें काम त्या काळीं दासांचें मानलें जात असे. जो गुरु दासाचें काम करितो, त्याच्या अनुयायांनीं वर्ग झाडणें हें कोण्या एकाच जातीचें काम मानावें, हें कसें शोभेल?

यास्तव विद्यार्थी मित्रहो, वर्गांतील केरसुणी ही शिपायाची नव्हे, कीं केवळ मुलींचीही नव्हे. ती पाळीपाळीनें प्रत्येकाच्या हातीं आली पाहिजे. आणि ज्याच्या हातीं ती येईल त्यानें केर भरून झाल्यावर आणखी दोन क्षण द्यावेत: पाती विंचराव्यात, बंध पाहावा, आणि ती खुंटीस टांगावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीं ज्याची पाळी असेल त्यास साधन जसेंच्या तसें मिळेल. आपल्यामागून येणाऱ्याची एवढी आठवण ठेवणें, हेंच सेवाधर्माचें पहिलें पाऊल होय.

बाबांची पुण्यतिथि नाताळाच्या अवघे पांच दिवस आधीं येते. त्या आठवड्यांत घरें व मंदिरें झाडण्याची आपल्याकडे धांदल असते. तिचा आरंभ या सत्पुरुषाच्या स्मरणानें करावा, आणि झाडावयास लागण्यापूर्वीं हातांतील केरसुणीचा बंध आवळून घ्यावा.