रंगांना पत्ता शिकवणारा माणूस

मागच्या वर्षी भारतात बाबांच्या रेटिनाची तपासणी झाली. दंडात पिवळं इंजेक्शन दिलं, डोळ्यात निळा प्रकाश सोडला आणि स्क्रीनवर रक्तवाहिन्या हिरव्यागार चमकायला लागल्या. बाबा मात्र दिवसभर हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे! हा रंग म्हणजे फ्लुओरेसिन. १८८२ साली तो सशांना टोचून त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहणारा तरुण डॉक्टर होता पॉल एर्लिख.

एर्लिख यांचा जन्म १८५४ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावातला. आईच्या नात्यातले कार्ल वायगर्ट पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पॉललाही तेच वेड लागलं. एक रंग याच पेशीला चिकटतो, शेजारचीला का नाही? हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. प्रयोगशाळेत काम करता करता स्वतःलाच क्षय झाला, तेव्हा इजिप्तला जाऊन राहिले आणि बरे होऊन परत कामाला लागले.

उत्तर त्यांनी असं मांडलं: पेशीवर ठरावीक आकाराच्या खुंट्या असतात आणि जुळणारा पदार्थच तिथे अडकतो. यालाच आज आपण रिसेप्टर म्हणतो. १९०८ मध्ये नोबेल मिळालं, १९१० मध्ये सिफिलिसवरचं साल्व्हारसान बाजारात आलं. फ्रँकफर्टमध्ये त्यांनी उंदरांच्या गाठींवरही कित्येक वर्षं काम केलं, पण कॅन्सर काही हाती लागला नाही. १९१५ मध्ये ते गेले.

पुढे १९४८ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी मेंदूतली गाठ शोधायला फ्लुओरेसिनच वापरलं. पण तो रंग बिनपत्त्याचा, गाठीजवळच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपणारा. मग संशोधकांनी रंगाला पत्ता जोडला. रंगही निवडला तो जवळच्या अवरक्त प्रकाशात चमकणारा, कारण रक्त हा प्रकाश कमी शोषतं आणि उंदराच्या कातडीखालची गाठ बाहेरून कॅमेऱ्याला दिसते. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पाफोलासायनिन याच जातीचं. त्यातला फोलेटसारखा भाग अंडाशयाच्या कॅन्सरपेशींवरचे फोलेट रिसेप्टर गाठतो, आणि ऑपरेशन करताना डोळ्यांना न दिसलेली गाठ सर्जनला स्क्रीनवर दिसू शकते.

आम्ही प्रोग्रॅममधला बग शोधताना जागोजागी प्रिंट स्टेटमेंट टाकतो. चूक त्याने दुरुस्त होत नाही, पण कुठे आहे ते तरी कळतं. एर्लिख यांच्या हातात रंगही होता आणि खुंटीची कल्पनाही. दोन्ही जोडून गाठीवर दिवा लागायला मात्र त्यांच्यामागे शंभर वर्षं जावी लागली.