पाटण्याचे ग्रंथवेडे वकील : खानबहादूर खुदाबक्ष खान

मुसलमान समाजातील शिक्षणकार्याचा विषय निघाला की सर सय्यद अहमद खान यांचे नाव प्रथम ओठावर येते, आणि ते योग्यच आहे. पण वाचकहो, त्याच काळात पाटण्यास एक वकील होऊन गेले, ज्यांनी आयुष्यभराची कमाई जुन्या हस्तलिखितांवर घालविली आणि अखेरीस तो सारा खजिना लोकांच्या हवाली केला. त्यांची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

खुदाबक्ष खान यांचा जन्म १८४२ साली बिहारमध्ये झाला. वडील महंमद बक्ष हे वकील. त्यांना हस्तलिखिते जमविण्याचा नाद. वडिलांना पक्षाघात झाला आणि घरचा भार तरुण खुदाबक्षांवर पडला. नोकरीसाठी वणवण झाली. पुढे वकिलीची परीक्षा पास झाल्यावर मात्र त्यांचा जम असा बसला की पक्षकारांची रीघ लागली. १८७६ साली वडील पैगंबरवासी झाले. जाताना त्यांनी सुमारे १४०० हस्तलिखिते मुलाच्या स्वाधीन केली, आणि संग्रह वाढवून तो सर्वांसाठी खुला करण्याची इच्छा सांगितली.

मुलाने ती इच्छा कशी पाळली ते पाहा. महंमद मक्की नावाच्या एका अरबाला दरमहा ५० रुपये पगारावर नेमले. हा गृहस्थ १८ वर्षे इजिप्त, सिरिया, अरबस्तान, इराण असा फिरून ग्रंथ धाडीत राहिला. हस्तलिखित विकावयास पाटण्यास येणाऱ्याला, सौदा होवो न होवो, रेल्वेचे दुप्पट भाडे मिळे. साहजिकच हिंदुस्थानभरचे विक्रेते प्रथम त्यांच्याच दारी येत. एक गमतीची हकिकत सांगतात. त्यांच्याकडच्या एका माजी ग्रंथपालाने काही हस्तलिखिते चोरून लाहोरच्या दलालाला विकली. चांगली किंमत कोण देईल असा विचार करून दलालाने ती खुदाबक्षांनाच देऊ केली!

१८९१ साली ग्रंथालय जनतेसाठी उघडले तेव्हा हस्तलिखिते ४००० च्या आसपास झाली होती. इमारतीसह सर्व संग्रह त्यांनी रीतसर दानपत्राने देऊन टाकला. अट एकच, ग्रंथ पाटण्याबाहेर जाता कामा नयेत. काहींना ही अट आडमुठी वाटेल. मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण उसना गेलेला ग्रंथ परत येत नाही हा अनुभव कोणाला नाही? पुढे १८९५ ते १८९८ ते हैदराबादला निजामाच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. एवढे मानाचे पद भूषवूनही अखेरच्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर कर्ज होते, ते फेडण्यास सरकारने मदत केली. १९०८ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. जुन्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत फारसी सनदा, हाताने लिहिलेली बाडे पडलेली असतात. ओल लागते, कसर लागते, मग घरातले वडीलधारे अदबीने ती विहिरीत सोडतात किंवा पुरतात. फाटलेल्या पवित्र पानांसाठी ही रीत आहे व ती समजण्यासारखी आहे. परंतु त्या गठ्ठ्यात नेमके काय होते हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. एखाद्या जाणकाराला दाखवावे, निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.

पाटण्याला हे काम पद्धतशीर चालते. जीर्ण पानांची दुरुस्ती व बांधणी होते, हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती केल्या जातात, म्हणजे मूळ पानाला वारंवार हात लावावा लागत नाही. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. आज तेथे वीस हजारांवर हस्तलिखिते आहेत. अकबराच्या काळातील चित्रांनी सजलेली ‘तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया’ ही त्यांपैकी एक; तिची दुसरी प्रत जगात ज्ञात नाही. २०११ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत तिची नोंद केली. ‘दीवान-ए-हाफिज’ची एक प्रत अशी आहे की तिच्या समासात हुमायून व जहांगीर या बादशहांच्या हातच्या नोंदी आहेत. पाटण्यास जाण्याचा योग आला तर अशोक राजपथावर, गंगेच्या काठी हे ग्रंथालय आहे; दोन तास काढून अवश्य जावे.