माता रमाई : एका घराची आणि अनेक लेकरांची आई

वसतिगृहाच्या पंक्तीला बसून जेवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक गोष्ट आयुष्यभर उमगत राहते. पुस्तकाच्या आधी भाकरी लागते, आणि ती भाकरी कोणीतरी वेळेवर रांधून वाढावी लागते. बहुजनांच्या शिक्षणाच्या इतिहासात ग्रंथ, परिषदा आणि सत्याग्रह यांची नोंद ठळकपणे झाली; चुलीपुढे बसलेल्या माउलीची नोंद मात्र फार थोड्या ओळींत उरकली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहधर्मचारिणी माता रमाई यांचे जीवन म्हणजे त्या अनुल्लेखित श्रमाचा मूर्तिमंत आलेख होय.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहून प्रपंच चालवीत. आई रुक्मिणी. थोरल्या बहिणीचे लग्न झाल्यावर धाकटी बहीण मीरा आणि भाऊ शंकर यांना सांभाळण्याचे काम बालवयातच रमाईंच्या वाट्याला आले. आई लवकर गेली. पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या या भावंडांना नातलगांनी मुंबईस भायखळ्याला आणले. ज्या वयात आईच्या कुशीत निजावे, त्या वयात रमाई धाकट्यांना कुशीत घेऊन निजवीत होत्या. त्यांच्या मातृत्वाचा आरंभ असा स्वतःच्या अपत्यजन्माच्या कितीतरी आधी झालेला होता.

सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या भीमरावासाठी या मुलीला पसंत केले. वधूचे वय अवघे नऊ-दहा वर्षांचे. भायखळ्याचा बाजार रात्री बंद झाल्यावर त्याच्याच छपराखाली हा विवाह पार पडला. दिवसा जिथे मासळीची विक्री चाले, तिथेच रात्री वऱ्हाडी बसले. दगडी ओटे हीच बैठक, आणि पहाटे बाजार भरण्यापूर्वी सारे आवरून जागा मोकळी करावयाची. वधूवर दोघेही आईच्या मायेला लहानपणीच पारखे झालेले होते.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले आणि घराचा आधारवड कोसळला. त्याच वर्षी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते १९१७ साली परतले. या चार वर्षांत परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाईंनी जे दिवस काढले, ते कोणत्याही परीक्षेहून कठीण होते. जाऊबाई लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, स्वतःची मुले आणि माहेरची भावंडे असा मोठा कुटुंबकबिला. मिळकत मात्र तुटपुंजी. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, सरपण वेचले आणि अर्धपोटी राहून घरातील ताटे भरली.

पती परतल्यावरही सुखाचे दिवस लगेच आले नाहीत. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. दरमहा साडेचारशे रुपये वेतन ही त्या काळी मोठी रक्कम होती. परंतु लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्याचा त्यांचा निर्धार होता. त्यामुळे वेतनातील मोठा भाग शिल्लक टाकावा लागे आणि उरलेल्या रकमेत रमाई महिना निभावीत. हाती आलेल्या पैशांच्या त्या तीस पुड्या बांधीत आणि रोज एकच पुडी सोडीत, अशी आठवण सांगितली जाते. तिच्यात काटकसर आहे, तितकाच हिशेबीपणाही आहे. रमाई भोळ्या होत्या, पण अजाण नव्हत्या. एका अर्थशास्त्रज्ञाच्या घराचे अर्थकारण त्यांच्या हाती होते आणि त्यांनी ते बुडू दिले नाही.

१९२० साली बाबासाहेब लंडनला गेले. पैशाची चणचण दोन्हीकडे होती. १९२१ साली तेथून पाठविलेल्या एका पत्रात त्यांनी रमाईंना, वेळ आलीच तर अंगावरचे दागिने मोडून घर चालवावे, परतल्यावर ते पुन्हा करून देता येतील, असे कळविले होते. त्याच पत्रात यशवंत आणि मुकुंद यांच्या अभ्यासाची चौकशीही होती. घरात धान्य नसताना मुलांच्या शाळेची विचारपूस करणारा पिता आणि दागिना मोडून ती शाळा चालू ठेवणारी माता, अशी ही दोघांची जोडी होती.

रमाईंच्या आयुष्यातील सर्वांत खोल जखम अपत्यवियोगाची. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९ जुलै १९२६ रोजी लाडका राजरत्न गेला. त्यानंतर एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी चार लेकरे मातीआड करावी लागल्याचे दुःख मोकळे केले आहे. पित्याचे दुःख पत्रात उतरले. मातेच्या दुःखाला कागद मिळाला नाही. दारिद्र्य, दाटीवाटीची वस्ती आणि वेळेवर न मिळणारे औषधपाणी यांनी त्या काळी किती घरांतील पाळणे रिकामे केले, याची गणती नाही. रमाईंचे घर त्यांपैकीच एक होते.

एवढे सोसूनही त्यांचे हृदय आटले नाही. प्रकृती खालावल्यावर हवापालटासाठी त्या काही काळ धारवाडला बळवंतराव वराळे यांच्याकडे राहिल्या. वराळे तेथे दलित विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. एकदा मदतीचे पैसे वेळेवर न आल्याने मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली. मुले उपाशी आहेत हे कळताच रमाईंनी आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, त्या पैशांतून धान्य आणविले आणि मुलांना पोटभर जेवू घातले, असे तेव्हापासून सांगितले जाते. चार लेकरे गमावलेल्या त्या मातेच्या पंक्तीला त्या दिवशी साऱ्या वसतिगृहाची लेकरे बसली होती. निवासी शाळेत वाढलेल्या आपणां सर्वांना हा प्रसंग दुसऱ्या कोणाही वाचकाहून अधिक जवळचा वाटेल.

रमाई श्रद्धाळू होत्या. उपासतापास करीत, पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे अशी त्यांची आस होती. जे मंदिर आपल्या माणसांना उंबरठ्याबाहेर उभे करते तेथे जाण्यापेक्षा आपण दुसरे पंढरपूर उभारू, असे बाबासाहेब त्यांना समजावीत. ती इच्छा अपुरी राहिली. १९३४ च्या सुमारास हे कुटुंब चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या नव्या वास्तूत राहावयास आले. तोवर रमाईंचे शरीर पार झिजून गेले होते. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वय जेमतेम सदतीस वर्षे. अफाट जनसमुदाय त्यांच्या अंत्ययात्रेस लोटला. बाबासाहेब शोकाने पुरते खचले. त्यांनी मुंडण केले आणि काही दिवस ते एकांतात राहिले. पुढे पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. तिचे शील, तिचे निर्मळ मन आणि अभावाच्या दिवसांत तिने दिलेली साथ यांचे ऋण त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी नोंदविले आहे.

नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. ती पाहण्यास रमाई नव्हत्या. त्रिशरण-पंचशील ग्रहण करण्याची संधी त्यांना लाभली नाही. परंतु दान, शील आणि क्षांती या पारमितांचे आचरण त्यांच्या दिनक्रमातच होते. त्यांचे पुत्र भय्यासाहेब यशवंतराव यांनी पुढे भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली आणि दादरच्या चैत्यभूमीच्या उभारणीत पुढाकार घेतला. बेघरांना घर देणारी राज्य शासनाची योजना आज रमाईंच्या नावाने चालते. चाळीच्या दोन खोल्यांत मोठे खटले सांभाळणाऱ्या माउलीचे नाव घरकुलाला मिळावे, हे यथोचितच आहे.

रमाईंना त्यागमूर्ती म्हणून वंदन करताना एक विचार मनात जागा ठेवला पाहिजे. तो त्याग त्यांनी आनंदाने केला असेल, पण तो त्यांच्यावर परिस्थितीने लादलेलाही होता. कोणत्याही मातेला मुलाच्या शिक्षणासाठी उपाशी राहावे लागू नये, औषधाअभावी कोणाचे लेकरू दगावू नये, वसतिगृहातील मुलांच्या घासासाठी कोणाला हातातल्या बांगड्या उतरवाव्या लागू नयेत, याकरिताच तर पुढचा सारा संघर्ष झाला. आपल्या शाळेच्या भोजनगृहात आज पंक्ती बसते आणि कोणीही उपाशी उठत नाही, हे रमाईंचे खरे स्मारक आहे. शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने मागून येणाऱ्या एका मुलाच्या ताटाची काळजी वाहिली, तर ते स्मारक अखंड उभे राहील.

अनेकांची आई झालेल्या या माउलीच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.