नंदुरबारवरून गेलेला वकील

शाळेच्या इतिहासात सर टॉमस रो एका ओळीत येतो आणि त्याच ओळीत संपतो: जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील. हा गृहस्थ आपल्या नंदुरबारवरून गेला होता, हे मला तिथल्या शाखेत बदली झाल्यावर कळले. ३० ऑक्टोबर १६१५ रोजी त्याने सुरत सोडली आणि पंधरवड्याने तो बऱ्हाणपुरास पोहोचला. मधली वाट तापीच्या खोऱ्यातली, नंदुरबारवरून जाणारी.

वय चौतिशीच्या आसपास. निघण्याआधी थोडेच दिवस गुपचूप लग्न केलेली बायको एलेनॉर मायदेशी. सुरतेत मोगल अंमलदार आणि इंग्रज व्यापारी यांचे जकात, झडत्या, अडवलेला माल यांवरून सारखे खटके उडत. ते मिटवायला राजा जेम्सने त्याला धाडले होते. खर्च मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा. बऱ्हाणपुरात शहजादा परवीझपुढे जमिनीपर्यंत वाकायला त्याने नकार दिला. मग तापाने अंथरूण धरले. अजमेरला पोहोचला तो डिसेंबरात.

जहांगीर त्याच्याशी प्रेमाने वागे, चित्रांविषयी गप्पा मारी. पण रोला हवा होता दोन राजांमधला लेखी करार, आणि तीन वर्षे खेटे घालूनही तो मिळाला नाही. दूरच्या बेटावरच्या राजाशी बरोबरीने करार करण्याची बादशहाला गरजच काय होती? अखेर १६१८ मध्ये शहजादा खुर्रमकडून, म्हणजे पुढच्या शाहजहानकडून, सुरतेतल्या व्यापाराला सवलतींचे फर्मान मिळाले. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, मागितले मुदतीचे कर्ज आणि मिळाली साहेबांची मर्जी असेतो चालणारी उचल!

किल्ले आणि लढाया यांवर पैसा घालू नका, पोर्तुगीजांचे काय झाले ते पाहा, असे त्याने कंपनीला बजावले होते. पुढे कंपनीने काय केले ते आपण जाणतोच.

त्याला खरे यश आले ते १६२९ मध्ये, युरोपात. स्वीडनचा गुस्ताव्ह अडॉल्फ आणि पोलंडचा सिगिसमुंड हे चुलतभाऊ. भांडण स्वीडनच्या गादीचे. भाऊबंदकी काही आपलीच मिरास नाही! फ्रेंच वकिलाच्या जोडीने रोने आल्टमार्क येथे सहा वर्षांचा तह घडवला. गादीवरचा हक्क सिगिसमुंडने सोडला नाही, पण तोफा थांबल्या. मोकळा झालेला गुस्ताव्ह पुढच्याच वर्षी फौज घेऊन जर्मनीत उतरला आणि १६३२ मध्ये तिथेच पडला.

६ नोव्हेंबर १६४४ रोजी रो वारला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपलेली होती.