चांदबिबीच्या नावामागे झाकलेला वजीर

अहिल्यानगरच्या पूर्वेस, पाथर्डी रस्त्यालगतच्या शाह डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी इमारत ‘चांदबिबी महाल’ या नावाने सर्वपरिचित आहे. वास्तविक तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर होय. ज्याने या शहराला पाणी दिले, त्याच्या कबरीवर त्याचे नावही राहू नये, हा नगरच्या इतिहासातील मोठाच अन्याय म्हणावा लागेल.

सर्केशियन वंशाचा हा सरदार मुर्तझा निजामशहाच्या (१५६५-१५८८) कारकिर्दीत पुढे आला. सुलतान एकांतवासात गेला, लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणू लागले आणि राज्याचा भार सलाबतखानावर पडला. १५८४ मध्ये त्याने वऱ्हाडच्या सरदारांचे बंड जेऊरजवळ मोडून काढले. परंतु त्याची खरी ओळख पाण्याची. पर्जन्यछायेतील या शहराला केवळ सीनेच्या भरवशावर राहणे शक्य नव्हते. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, नागापूर अशा आसपासच्या गावांतून बांधीव पाटांनी व भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी पाणी शहरात खेळवण्यात आले. उताराच्या बळावर वाहणाऱ्या या नळांना ठिकठिकाणी हवा बाहेर पडण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले असत. त्यांपैकी काही कामे त्याच्या आधीची असली, तरी या व्यवस्थेला मोठा विस्तार मिळाला तो सलाबतखानाच्या काळात. पाण्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महालही त्यानेच १५८३ मध्ये पूर्णत्वास नेला.

पुढे सुलतानाची मर्जी फिरली. कैदेचा हुकूम सुटला तेव्हा फौज आणि माणसे हाताशी असूनही या वजिराने बंड केले नाही. तो आपण होऊन दंडा-राजपुरीच्या किल्ल्याकडे निघाला. तो दूर होताच राज्य कोसळू लागले. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्या मुलानेच ठार केले. सलाबतखान पुन्हा मैदानात उतरला, पण पैठणजवळ पराभूत झाला. थकलेल्या वृद्धाने परवानगी मागून तळेगावी वास्तव्य केले आणि १५८९ च्या सुमारास तेथेच देह ठेवला.

मेहेकरी नदीवरील भातोडीचा तलाव ही त्याचीच निर्मिती. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही फौजा चालून आल्या तेव्हा मलिक अंबरने याच तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला. निजामशाही त्या लढाईत तगली. फुटलेला तलाव मात्र पुन्हा नीट बांधला गेला तो एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिशांच्या हातून.