देवाचे संत योहान : रोग्यांचे आश्रयदाते

रोगी मनुष्याला औषध हवे, तसा धीराचा शब्दही हवा, ही गोष्ट सर्वांना मान्य आहे. तथापि रोग्याला बोल लावण्याचा मोह वैद्याला, परिचारिकेला आणि घरच्या माणसांनाही सहज होतो. हा मोह ज्यांनी आवरला आणि आजाऱ्याशी कसे वागावे व बोलावे याचा कित्ता जगाला घालून दिला, त्या देवाच्या संत योहानांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. हा धडा ते ग्रंथांतून शिकले नव्हते; इस्पितळात फटके खाऊन शिकले होते.

योहानांचा जन्म सन 1495 मध्ये पोर्तुगाल देशातील मोंतेमोर-ओ-नोवो या गावी झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे घर सुटले आणि स्पेन देशातील ओरोपेसा येथे मेंढरे राखीत ते वाढले. पुढे ते सैन्यात शिरले. सन 1523 मध्ये फुएन्तेराबिया येथे फ्रेंचांशी युद्ध चालू असता त्यांच्या राखणीस दिलेली लूट चोरीस गेली, आणि नायकाने त्यांना फासावर चढविण्याचा हुकूम दिला. ऐन वेळी रदबदली झाली म्हणून प्राण वाचले. त्यानंतर त्यांनी अनेक देश पाहिले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता येथे तटबंदीच्या कामावर मजुरी केली, आणि अखेरीस खांद्यावर पुस्तके घेऊन विकीत विकीत ते ग्रानादा शहरी येऊन पोहोचले. तेथे एल्विरा वेशीजवळ त्यांनी पुस्तकांचे छोटेसे दुकान थाटले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

एके वर्षी संत सेबास्तियनच्या सणाच्या दिवशी थोर उपदेशक हुआन दे आविला यांचे प्रवचन त्यांनी ऐकले. गत आयुष्यातील पापांच्या आठवणीने त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. होते नव्हते ते त्यांनी वाटून टाकले, आणि आक्रोश करीत ते रस्त्यांतून धावत सुटले. पोरांनी दगड मारले. लोकांनी वेडा ठरवून त्यांची रवानगी ग्रानादाच्या राजेशाही इस्पितळात केली. वेड्याला बांधून चाबकाने मारले म्हणजे त्याचे वेड उतरते, अशी त्या काळी समजूत होती. तेव्हा मारणारे सेवक आपल्या परीने उपचारच करीत होते! योहानांनी स्वतःला बसलेले फटके निमूटपणे सोसले. परंतु शेजारच्या दीन रोग्यांना मार बसू लागला, तेव्हा त्यांनी त्या सेवकांची चांगलीच कानउघाडणी केली. ईश्वरकृपेने आपले स्वतःचे इस्पितळ व्हावे आणि तेथे रोग्यांची सेवा आपल्या मनाप्रमाणे करता यावी, हा संकल्प त्यांनी तेथेच केला.

सुटका झाल्यावर त्यांनी भाड्याच्या घरात आपले काम आरंभिले. पाठीवर करंडा आणि गळ्यात दोरीने बांधलेली दोन मडकी, अशा थाटात ते रात्री भिक्षेस निघत. जो दान देतो तो वस्तुतः स्वतःचेच भले करतो, अशी त्यांची हाक असे. रस्त्यात पडलेला आजारी दिसला की ते त्याला खांद्यावर घालून घरी आणीत. पाय धुऊन त्याला बिछान्यावर निजवीत. रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी ते एकेका खाटेपाशी जात, रात्र कशी गेली, काय दुखते, काय हवे, हे विचारीत आणि प्रेमाचे दोन शब्द बोलत. रोग कसा जडला आणि त्यात दोष कोणाचा, या चौकशीने त्यांचा दिवस सुरू होत नसे. गुतिएर्रे लासो नावाच्या सद्गृहस्थास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या घरातील माणसांची संख्या 110 हून अधिक सांगितली आहे. लुळे, पांगळे, महारोगी, मुके, वेडे अशांचा तो मेळा होता. आणि कर्ज 200 दुकातांहून अधिक झाले होते.

दर शुक्रवारी ते वेश्यावस्तीत जात. तेथील स्त्रीपुढे क्रूस हाती घेऊन गुडघे टेकीत, आणि तिची पापे न काढता प्रथम स्वतःची पापे कबूल करीत. कित्येकींनी त्यांची थट्टा केली. कित्येकींची मने पालटली. ज्या आजारी असत त्यांना ते आपल्या घरी नेऊन उपचार करीत.

असल्या माणसांना थारा दिल्यामुळे शहरात कुजबूज सुरू झाली. आर्चबिशप पेद्रो गेर्रेरो यांच्या कानी तक्रार गेली की, या इस्पितळात आळशी आणि दुराचारी लोक राहतात. त्यांनी योहानांना बोलावून अशांना घालवून देण्यास सुचविले. प्रसंग बिकट होता. आर्चबिशपांची मर्जी गेली असती तर ते घर चालणे कठीण होते. योहानांनी नम्रतेने निवेदन केले की, आपल्या इस्पितळात एकच वाईट मनुष्य आपणांस ठाऊक आहे, आणि तो म्हणजे आपण स्वतः. हे ऐकून आर्चबिशपांनी सारा कारभार त्यांच्यावरच सोपविला.

सन 1549 मध्ये त्या राजेशाही इस्पितळाला आग लागली. जेथे आपणांस फटके बसले होते, त्याच इमारतीत योहान धावत शिरले आणि त्यांनी रोग्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. पुढे हेनिल नदीच्या पुरात एक तरुण वाहून जात असता त्यांनी त्याच्यासाठी पाण्यात उडी घेतली. त्यातून दुखणे बळावले, आणि दिनांक 8 मार्च 1550 रोजी गुडघ्यांवर टेकलेल्या स्थितीत त्यांनी देह ठेवला. मरणापूर्वी कर्जाची वही त्यांनी आर्चबिशपांच्या हाती दिली, आणि आर्चबिशपांनी ते ऋण फेडण्याचे वचन दिले. त्यांच्या अनुयायांच्या संघाला पोप पायस पाचवे यांनी 1572 साली मान्यता दिली. योहानांना 1690 मध्ये संतपद मिळाले. 1886 साली पोप लिओ तेरावे यांनी संत कामिल्लुस यांच्यासह त्यांना रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते, आणि 1930 साली पोप पायस अकरावे यांनी परिचारकांचे आश्रयदाते नेमिले.

आता वाचकहो, क्षणभर विचार करा. आज इस्पितळात वेड्याला कोणी उपचार म्हणून चाबकाने मारीत नाही. पण शब्दाचा चाबूक आपण सर्वांनी टाकून दिला आहे काय? मद्यपी रोग्याला त्याच्या खाटेपाशीच उपदेशाचे फटके बसतात. क्षयरोग्याला गोळ्या का चुकविल्यास म्हणून दरडावले जाते. त्या गोळ्यांनी त्याला मळमळ होते की दवाखान्यात येण्यापायी त्याची मजुरी बुडते, हे विचारावयाचे राहून जाते. दरडावणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, जसा त्या काळच्या सेवकांचाही होता. परिणाम मात्र विपरीत होतो. ज्याला लाज वाटते तो आपले दुखणे लपवितो. जो लपवितो तो उशिरा येतो. आणि उशिरा आलेल्याला वैद्याची विद्याही पुष्कळदा तारू शकत नाही. म्हणून मायेने विचारणे हा केवळ शिष्टाचार नसून उपचाराचा पहिला भाग होय. रोग्याला खरे सांगावयाचे ते सांगावेच; पण आधी त्याचे ऐकून घ्यावे, आणि न्यायाधीशाच्या आसनावरून नव्हे तर खाटेशेजारी बसून सांगावे.

आपल्या धर्मग्रामातील जे डॉक्टर व परिचारिका रुग्णसेवा करीत आहेत, आणि जे आपल्या घरी आजाऱ्याच्या उशाशी जागत आहेत, त्या सर्वांना संत योहानांच्या मध्यस्थीने ऐकणारा कान आणि मृदू जिव्हा लाभो, हीच प्रभुचरणी विनवणी.